रिकॉम्बिनंट बीटा-ॲक्टिन मागवायच्या आधी: कुठलं ॲक्टिन कशाला चालतं आणि कॅन्सरशी त्याचं नातं काय

प्रश्न थोडक्यात असा आहे की तोंडाच्या कॅन्सरच्या सेल लाइनवर कर्क्युमिन (हळदीतला पिवळा घटक) आणि त्याची दोन डेरिव्हेटिव्ह टाकली की पेशी कमी सरकतात, गाईड म्हणतात कंपाउंड थेट ॲक्टिनला, म्हणजे पेशीला आकार आणि हालचाल देणारे धागे बनवणाऱ्या प्रोटीनला, चिकटत असणार, म्हणून ई. कोलाय बॅक्टेरियात बनवलेलं (म्हणजे रिकॉम्बिनंट), हिस-टॅगवालं (शुद्ध करायला जोडलेली छोटी शेपटी) ह्यूमन बीटा-ॲक्टिन मागवायचं आणि त्याचं पॉलिमरायझेशन (सुटे रेणू जोडून धागा, म्हणजे फिलामेंट, बनणं) थांबतं का ते दाखवायचं असं ठरलंय. ते प्रोटीन चालेल का, आणि थिसिसमध्ये ॲक्टिन आणि कॅन्सरचा संबंध कसा मांडायचा. मी बरीच वर्षं ॲक्टिनच हाताळतोय, मसलमधून काढायचं, लेबल करायचं, फिलामेंट बघायचे, आणि हा प्रश्न घेऊन सारखं कोणी ना कोणी येतंच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सरळ सांगायचं तर ती व्हायल या कामाची नाही. ऑर्डर गेली नसेल तर थांबवा.

कारण फोल्डिंगमध्ये, म्हणजे प्रोटीनची साखळी घडी होऊन योग्य आकारात येण्यात, आहे. ॲक्टिन म्हणजे ३७५ अमिनो ॲसिडचं, साधारण ४२ किलोडाल्टनचं प्रोटीन, आकाराने काही अवघड वाटत नाही, पण ते आपलं आपण फोल्ड होत नाही. आपल्या पेशीत त्याला आधी प्रीफोल्डिन आणि मग सीसीटी नावाचं शॅपरोन, म्हणजे दुसऱ्या प्रोटीनला फोल्ड व्हायला मदत करणारं प्रोटीन, लागतं, आठ वेगवेगळ्या सबयुनिटची एक रिंग आणि अशा दोन रिंगा एकमेकींवर, त्याच्या पोकळीत जाऊन ॲक्टिनला त्याचा खरा आकार मिळतो आणि मधल्या खाचेत एटीपी हा ऊर्जेचा रेणू बसतो. हे १९९० च्या दशकातच कळलेलं आहे. बॅक्टेरियात सीसीटी नाही. त्यांचं स्वतःचं शॅपरोन ग्रोईएल आहे, पण ग्रोईएल ॲक्टिनला धरून ठेवतं आणि नीट फोल्ड करून सोडत नाही. त्यामुळे ई. कोलायमध्ये ॲक्टिनचा जीन टाकला की प्रोटीन भरपूर निघतं, जेलवर छान जाड बँड दिसतो, पण बहुतेक सगळं इन्क्लूजन बॉडीत (न फोल्ड झालेल्या प्रोटीनच्या गुठळ्यांत) गोळा होऊन बसलेलं असतं. मग ते युरियात विरघळवतात, निकेल कॉलमवरून काढतात, आणि हळूहळू युरिया कमी करून व्हायलमध्ये भरतात. प्युरिटी ९० टक्क्यांच्या वर लिहिलेली असते आणि ती खोटीही नसते, फक्त प्युरिटी म्हणजे ॲक्टिव्हिटी नव्हे.

डेटाशीट उघडा आणि बफरची ओळ बघा, बाकी सगळं नंतर. तिथे पीबीएस (फॉस्फेट आणि मिठाचा नेहमीचा बफर) लिहिलंय का? पीबीएसमध्ये जवळपास १३७ मिलीमोलर सोडियम क्लोराइड असतं. जिवंत, नीट फोल्ड झालेलं ॲक्टिन एवढ्या मिठात पुरेशा कॉन्सन्ट्रेशनला मोनोमर (सुटा रेणू) म्हणून राहतच नाही, ते फिलामेंट बनवायला लागतं. चांगलं ॲक्टिन विकणारा माणूस ते नेहमी जी-बफरमध्ये देतो, म्हणजे २ ते ५ मिलीमोलर ट्रिस पीएच ८, ०.२ मिलीमोलर कॅल्शियम क्लोराइड, ०.२ मिलीमोलर एटीपी आणि थोडं डीटीटी (सिस्टीन ऑक्सिडाइझ होऊ न देणारं थायोल), बस, मीठ नाहीच. एटीपी आणि कॅल्शियम काढून घेतलं की ॲक्टिन थोड्या वेळात डिनेचर होतं आणि परत येत नाही. तर ज्या डेटाशीटवर पीबीएस आहे, ट्रेहॅलोज आहे, कधी युरियासुद्धा आहे, आणि एटीपीचं नावच नाही, तिथे ते ॲक्टिन फोल्ड झालेलं नाही असं समजूनच पुढे वाचा. मग खाली ॲप्लिकेशनची ओळ बघा, तिथे बहुतेक वेळा एसडीएस-पेज, वेस्टर्नसाठी पॉझिटिव्ह कंट्रोल, इम्युनोजेन, एवढंच असतं. कंपनीने फसवलं असं नाही म्हणता येणार, त्यांनी लिहिलेलंच असतं, आपणच फक्त कॅटलॉगमधलं नाव वाचून ऑर्डर देतो.

या कामांसाठी मात्र ते प्रोटीन खरंच चांगलं आहे. अँटिबॉडी बरोबर बँड पकडते का बघायचंय, एलायझासाठी स्टँडर्ड कर्व्ह काढायचाय, वेस्टर्नमध्ये नॅनोग्रॅमचा अंदाज हवाय, मास स्पेकसाठी माहितीचं प्रोटीन हवंय, तर घ्या. तिथे प्रोटीन उलगडलेलं असलं तरी बिघडत नाही, एसडीएसमध्ये उकळणारच आहात.

आता खरं ॲक्टिन कुठून आणायचं. सगळ्यात जुना आणि अजूनही सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे मसल. श्ट्राउब यांनी १९४२ मध्ये हंगेरीत सेगेदला सेंट-ज्यॉर्जी यांच्या लॅबमध्ये ॲक्टिन वेगळं केलं ते मसलच्या ॲसिटोन पावडरमधून, आणि १९७१ ची स्पुडिच आणि वॉट यांची पद्धत आजही लॅबालॅबात चालते. मसल सशाचं घ्यायचं तर ॲनिमल हाउस, परवानग्या हे सगळं आलं, पण चिकनच्या दुकानातून अगदी ताजं ब्रेस्ट आणून बर्फात ठेवून केलं तरी पावडर उत्तम होते. मसल बारीक करायचं, मिठाच्या बफरने मायोसिन काढून टाकायचं, धुवायचं, मग थंड ॲसिटोनने परत परत धुऊन फिल्टर पेपरवर पसरून रात्रभर हूडमध्ये वाळवायचं. सकाळी पांढरट, हलका, बोटांत चुरला जाणारा भुसा मिळतो, तो फ्रीजरमध्ये महिनोन् महिने टिकतो. लागेल तेव्हा दोनेक ग्रॅम घ्या, जी-बफरमध्ये बर्फावर अर्धा तास ढवळा, गाळा, ५० मिलीमोलर पोटॅशियम क्लोराइड आणि २ मिलीमोलर मॅग्नेशियम क्लोराइड घालून पॉलिमराइझ करा, मग मीठ ०.६ ते ०.८ मोलरपर्यंत वाढवा म्हणजे चिकटून आलेलं ट्रोपोमायोसिन सुटतं, अल्ट्रासेंट्रिफ्यूजला लावा. तळाशी जी काचेसारखी पारदर्शक पेलेट बसते ना, ती एफ-ॲक्टिन, म्हणजे फिलामेंट झालेलं ॲक्टिन. ती पांढरी आणि अपारदर्शक दिसली तर समजा काहीतरी डिनेचर झालंय. पेलेट जी-बफरमध्ये होमोजिनाइझ करून दोन-तीन दिवस डायलिसिस, परत स्पिन, आणि जमलं तर जेल फिल्ट्रेशन. जेल फिल्ट्रेशन टाळू नका, कारण छोटे ऑलिगोमर (मोजके जोडलेले रेणू) आणि फिलामेंटचं टोक बंद करणारे कॅपिंग प्रोटीन राहून गेले तर कायनेटिक्सचे आकडे दर बॅचला वेगळे येतात आणि मग कंपाउंडचा परिणाम कुठला आणि बॅचचा कुठला हे कळत नाही. कॉन्सन्ट्रेशन २८० ला मोजू नका, एटीपी तिथे घोळ घालतो, २९० नॅनोमीटरला मोजा, एक्स्टिंक्शन कोइफिशंट (प्रकाश किती शोषला जातो त्याचा आकडा) २६,६०० धरा.

पण हे अल्फा-स्केलेटल ॲक्टिन, आणि तुम्हाला हवंय बीटा. माणसात ॲक्टिनचे सहा जीन आहेत, त्यातले स्केलेटल, हार्ट आणि स्मूथ मसलचे चार, आणि बाकी सगळ्या पेशींत बीटा आणि गॅमा. बीटा आणि सायटोप्लाझमिक गॅमा यांच्यात फक्त चार अमिनो ॲसिडचा फरक, तोही सगळा सुरुवातीच्या टोकाला. स्केलेटल आणि बीटामध्ये साधारण ९३-९४ टक्के सारखेपणा. लहान केमिकल कंपाउंड ॲक्टिनला लागतंय का एवढाच पहिला प्रश्न असेल तर मसल ॲक्टिनवर सुरुवात करणं अगदी योग्य आहे, रिव्ह्यूअरही काही म्हणत नाही. त्यात काही दिसलं तरच नॉन-मसलकडे जा. ते प्लेटलेटमधून काढलेलं मिळतं, त्यात बीटा जास्त आणि गॅमा थोडं असं मिश्रण असतं.

आणि खरोखर शुद्ध बीटाच हवं असेल, किंवा पेशंटमधलं एखादं म्युटेशन बघायचं असेल, तर तिथे रिकॉम्बिनंटला पर्याय नाही, फक्त ते युकॅरियोटमध्ये बनवलेलं पाहिजे, यीस्ट, कीटकांच्या पेशी किंवा माणसाच्या पेशी, कारण तिथे सीसीटी आहे. यात मला मनापासून आवडणारी युक्ती म्हणजे पिचिया यीस्टमधली, २०१८ च्या सुमारास आलेली. ॲक्टिनच्या शेवटच्या टोकाला थायमोसिन बीटा-४ आणि त्याच्या पुढे हिस-टॅग जोडतात. थायमोसिन मोनोमरला धरून ठेवतं, त्यामुळे ते यीस्टच्या स्वतःच्या फिलामेंटमध्ये घुसून पेशीला त्रास देत नाही, निकेल कॉलमवर पकडता येतं, आणि शेवटी कायमोट्रिप्सिनने कापायचं. ॲक्टिनचं शेवटचं, ३७५ वं अमिनो ॲसिड फेनिलॲलनीन आहे आणि कायमोट्रिप्सिन बरोबर त्याच्यामागेच कापतं, त्यामुळे एकही जास्तीचं अमिनो ॲसिड मागे राहत नाही, टोक अगदी नैसर्गिक. ॲक्टिनच्या दोन्ही टोकांशी छेडछाड महागात पडते, पुढच्या टोकाचे निगेटिव्ह चार्ज मायोसिनला लागतात आणि मागचं टोक प्रोफिलिनच्या जागेला लागून आहे, म्हणून टॅग तसाच ठेवलेलं ॲक्टिन मला पटत नाही.

अजून एक गोष्ट, पेशीतलं ॲक्टिन नुसतं फोल्ड होऊन थांबत नाही. पहिलं मेथिओनीन निघतं, नवीन टोकावर एनएए८० हे एन्झाइम ॲसिटाइल ग्रुप लावतं, आणि ७३ नंबरच्या हिस्टिडीनवर सेटडी३ मिथाइल लावतं. ही दोन्ही एन्झाइम २०१८ च्या आसपास ओळखली गेली. एनएए८० काढून टाकलेल्या पेशी जास्त वेगाने सरकतात असं दिसलंय, म्हणजे मायग्रेशनचा विषय असेल तर हे बारीकसारीक नाही. यीस्टमधलं ॲक्टिन घेताना हे बदल आहेत की नाहीत हे विचारूनच घ्या.

व्हायल आधीच आली असेल तर एक साधी टेस्ट करा, फेकून देऊ नका. जी-बफरमध्ये आणा, ५ मायक्रोमोलरचे दोन भाग करा, एकात पोटॅशियम आणि मॅग्नेशियम घाला, दुसऱ्यात काही नको. तासभर ठेवा, १,००,००० जी ला अर्धा तास फिरवा, वरचं आणि खालचं दोन्ही जेलवर चालवा. चांगलं ॲक्टिन मिठाशिवाय वर राहतं आणि मिठात खाली जातं. मिठाशिवायसुद्धा खाली गेलं तर तो ॲग्रिगेट आहे, फिलामेंट नाही, आणि नुसती मीठवाली ट्यूब केली असती तर हाच ॲग्रिगेट पाहून पॉलिमरायझेशन झालं असं वाटलं असतं. बिनमिठाची ट्यूब कधीच सोडू नका.

आता कर्क्युमिन, कारण खरा अडथळा इथे आहे आणि प्रश्नात त्या अडथळ्याचा उल्लेखच नाही. नेहमीची पद्धत म्हणजे पायरीन ॲक्टिन, ३७४ नंबरच्या सिस्टीनवर पायरीन हा चमकणारा रंग लावायचा, ३६५ ला एक्साइट करायचं आणि ४०७ ला वाचायचं, फिलामेंट बनला की सिग्नल कितीतरी पटींनी वाढतो. कर्क्युमिन पिवळं का दिसतं, तर ते ४२०-४३० च्या आसपास प्रकाश शोषतं. म्हणजे पायरीनमधून निघालेला प्रकाशच ते खाऊन टाकणार, सिग्नल खाली येणार, आणि तुम्ही लिहिणार की पॉलिमरायझेशन थांबलं. कंट्रोल सोपा आहे, आधीच पूर्ण तयार झालेल्या पायरीन फिलामेंटमध्ये कर्क्युमिन टाका आणि लगेच वाचा, तिथे सिग्नल त्याच क्षणी पडला तर ते शोषण आहे, फिलामेंट एवढ्या झटक्यात सुटत नाहीत. वर जी-बफरचा पीएच ८, आणि कर्क्युमिन अल्कलाइनमध्ये टिकत नाही, पीएच ७.२ च्या फॉस्फेट बफरमध्ये ३७ डिग्रीला अर्ध्या तासात बहुतेक सगळं तुटतं असं १९९७ पासून छापील आहे. आणि वर डीटीटी, ज्याच्या थायोलशी कर्क्युमिन रिॲक्ट होऊ शकतं, आणि ॲक्टिनचं तेच ३७४ चं सिस्टीनसुद्धा रिॲक्टिव्ह. एवढ्या सगळ्या भानगडींत पायरीनचा एकच ग्राफ दाखवून थेट बाइंडिंग म्हणता येत नाही. पेलेटिंग (वरची सेंट्रिफ्यूजवाली टेस्ट) करा, आणि फिलामेंट मायक्रोस्कोपखाली बघा, दोन वेगळ्या तत्त्वांच्या पद्धती एकच गोष्ट बोलल्या तरच लिहा. पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून लॅट्रन्क्युलिन ठेवा, ते मोनोमरला धरतं आणि त्याचा परिणाम पक्का माहितीचा आहे. पेशींत फॅलॉइडिन (फिलामेंटला चिकटणारा, रंग जोडलेला रेणू) लावताना हिरवा रंग घेऊ नका, कर्क्युमिन स्वतः हिरवं चमकतं, ६४७ वालं फार-रेड घ्या. डॉकिंगचा (कंपाउंड प्रोटीनवर कॉम्प्युटरमध्ये बसवून काढलेला) स्कोअर द्यायचा तर द्या, पण त्यावर निष्कर्ष उभा करू नका.

स्क्रॅच ॲसेबद्दल (पेशींच्या थरात रेघ ओढून ती जखम किती भरते ते बघायचं) एकच, २४ तासांत पेशी वाढतातही, त्यामुळे जखम भरली नाही म्हणजे सरकणं थांबलं की वाढ थांबली हे आधी वेगळं करा, त्याच डोसला व्हायबिलिटी (किती पेशी जिवंत आहेत) दाखवा.

आता कॅन्सर. बहुतेक प्रपोजलमध्ये एक वाक्य असतं की ॲक्टिन कॅन्सरमध्ये वाढलेलं असतं म्हणून ते टार्गेट आहे. हे वाक्य काढून टाका. ॲक्टिन प्रत्येक पेशीत भरपूर असतं, कॅन्सरच्या पेशीत बदलतं ते मुख्यतः त्याच्यावरचं नियंत्रण, कधी, कुठे आणि कुठल्या आकाराचे फिलामेंट बनायचे हे. आर्प२/३ कॉम्प्लेक्स फिलामेंटवर ७० अंशांच्या कोनात फांदी काढतं आणि पेशीची पुढची कड ढकलली जाते, त्याला वरून रॅक आणि वेव्ह ही सिग्नल देणारी प्रोटीन चालवतात, मेलॅनोमामध्ये रॅक१ चं पी२९एस म्युटेशन याच साखळीतलं. कोफिलिन जुने फिलामेंट तोडतं, फॅसिन त्यांच्या जुड्या बांधतं, आणि हे फॅसिन नेहमीच्या एपिथेलियममध्ये फारसं नसतं पण बऱ्याच कार्सिनोमात येतं. इन्व्हेडोपोडिया म्हणजे मॅट्रिक्स (पेशींबाहेरचं जाळं) खात पुढे घुसणारे पाय, त्यांच्या गाभ्यात ॲक्टिन आणि टोकाला मॅट्रिक्स कापणारं एन्झाइम एमटी१-एमएमपी. तुमच्या तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी कर्क्युमिनने कमी सरकत असतील तर या साखळीत कुठेही, किंवा त्याच्याही वर एनएफ-कप्पाबी वगैरे जीन चालू-बंद करणाऱ्या प्रोटीनमध्ये, काहीतरी झालेलं असू शकतं, आणि माझ्या मते तेच जास्त शक्य आहे.

ॲक्टिन जीनमध्येच बदल झाल्याची उदाहरणं आहेत, पण ती नीट वाचली पाहिजेत. १९८० मध्ये केमिकलने ट्रान्सफॉर्म केलेल्या माणसाच्या फायब्रोब्लास्टमध्ये बीटा-ॲक्टिनच्या २४४ व्या जागी ग्लायसीनऐवजी ॲस्पार्टिक ॲसिड सापडलं, तो या विषयातला फार जुना आणि महत्त्वाचा धागा. डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमात बीटा-ॲक्टिनचा जीन बऱ्याचदा म्युटेट झालेला दिसतो, पण बी-सेलमधली अँटिबॉडी बदलणारी म्युटेशनची यंत्रणा जोरात चालणाऱ्या जीनवर घसरते, त्यामुळे त्यातली किती खरी कामाची आणि किती वाटेत झालेली हे प्रत्येक वेळी तपासावं लागतं. आणि काही सॉफ्ट टिश्यू ट्यूमरमध्ये ७ आणि १२ क्रोमोसोमची अदलाबदल होऊन बीटा-ॲक्टिनचा जीन जीएलआय१ ला (दुसरे जीन चालू करणाऱ्या प्रोटीनचा जीन) जोडला जातो, २००४ मध्ये हे वर्णन झालं. तिथे ॲक्टिन प्रोटीनचा काही दोष नाही, त्याचा प्रमोटर (जीनचं स्विच) दिवसरात्र चालू असतो म्हणून, चोवीस तास लाइट असलेल्या फीडरवर भलत्याचाच पंप जोडावा तसं जीएलआय१ अखंड चालू राहतं.

तुमच्यासाठी सगळ्यात जवळचं ॲक्टिन खरं तर बीटा नाहीच, अल्फा-स्मूथ मसल ॲक्टिन आहे. ते कॅन्सरच्या पेशीत नाही, आजूबाजूच्या फायब्रोब्लास्टमध्ये येतं, अशा फायब्रोब्लास्टना मायोफायब्रोब्लास्ट म्हणतात. गुटखा-सुपारीने होणाऱ्या सबम्युकस फायब्रोसिसमध्ये तोंड उघडत नाही, त्या टिश्यूत अल्फा-एसएमएचा (याच ॲक्टिनचा) स्टेन लावला की अशा पेशी वाढलेल्या दिसतात, आणि पुढे कार्सिनोमा झाला की स्ट्रोमात (ट्यूमरभोवतीच्या आधाराच्या टिश्यूत) त्या आणखी दाट होतात. आपल्याकडे गुटखाबंदी २०१२ पासून आहे तरी असे पेशंट येतच आहेत, आणि मला वाटतं मराठवाडा-विदर्भातल्या डेंटल कॉलेजांकडे या टिश्यूचे ब्लॉक आहेत ते तुमच्या लॅबला कुठल्याही व्हायलपेक्षा जास्त शिकवतील. ब्रेस्टमध्ये पॅथॉलॉजिस्ट हेच एसएमए उलट्या अर्थाने वापरतात, डक्टभोवतीचा मायोएपिथेलियल थर शाबूत आहे की नाही यावर कॅन्सर इन-सिटू (डक्टच्या आतच) की इन्व्हेसिव्ह (बाहेर घुसलेला) हे ठरवायला मदत होते. त्यामुळे नुसतं ॲक्टिन लिहू नका, कुठलं आयसोफॉर्म आणि कुठल्या पेशीत हे प्रत्येक वाक्यात लिहा.

ॲक्टिनवर थेट औषध का नाही हा प्रश्न व्हायव्हात येणारच. टॅक्सॉल मायक्रोट्यूब्यूलला (पेशीतल्या दुसऱ्या प्रकारच्या धाग्यांना) लागतं आणि औषध झालं, पण लॅट्रन्क्युलिन, सायटोकॅलसिन, जॅस्प्लाकिनोलाइड ही ॲक्टिनला थेट लागणारी कंपाउंड सगळी लॅबमध्येच राहिली, कारण जवळजवळ तेच ॲक्टिन हृदयाच्या आणि हातापायांच्या स्नायूंत आहे, आणि हे कंपाउंड भेद करत नाहीत. म्हणून लोक आता शेजाऱ्यांकडे वळलेत, फॅसिनचा इनहिबिटर पेशंटमध्ये ट्रायलपर्यंत पोचलाय, आणि कॅन्सर पेशींत जास्त असलेलं ट्रोपोमायोसिन टीपीएम३.१ पकडायचे प्रयत्न ऑस्ट्रेलियातून झालेत. गाईडना हे दाखवा, कर्क्युमिन थेट ॲक्टिनला लागत असतं तर ते चांगलं की वाईट हा प्रश्नही त्यांनाच विचारा.

शेवटचं तुमच्या जुन्या ब्लॉटबद्दल, कारण लोडिंग कंट्रोल (प्रत्येक लेनमध्ये सारखं प्रोटीन भरलं का ते बघायचं प्रोटीन) बीटा-ॲक्टिनच असणार. मोकळं मोनोमर ॲक्टिन एमआरटीएफ नावाच्या प्रोटीनला बांधून ठेवतं, मोनोमर कमी झालं की एमआरटीएफ न्यूक्लियसमध्ये जाऊन एसआरएफ या जोडीदार प्रोटीनबरोबर जीन चालू करतं, आणि त्या जीनमध्ये बीटा-ॲक्टिन स्वतःही आहे. म्हणजे कंपाउंड ॲक्टिनवर काम करतंय असा दावा असेल तर त्याच ॲक्टिनने नॉर्मलाइझ करता येत नाही. पुढच्या ब्लॉटपासून अँटिबॉडी लावायच्या आधी पॉन्सो एस (सगळ्या प्रोटीनला लागणारा रंग) करून मेंब्रेनचा फोटो काढून ठेवा आणि टोटल प्रोटीनने भागा. जुन्या ब्लॉटचे सॅम्पल लायसेट फ्रीजरमध्ये उरले असतील तर तेवढेच परत चालवा, नवीन पेशी वाढवायची गरज नाही.